‘कोणाकडून’चा रकाना

काल दुपारी बायको नुसतं "बरं" म्हणाली आणि आत गेली, तेव्हापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. तिच्या ‘बरं’चे सगळे प्रकार त्याला तोंडपाठ होते. साखर संपल्यावरचं बरं वेगळं, पाहुणे टपकणार असल्याचं कळल्यावरचं वेगळं, आणि ‘तुम्ही म्हणाल तसं’ या अर्थाचं, पुढे आठवडाभर पुरणारं बरं तर तो दुरूनच ओळखायचा आणि पेपर तोंडापुढे धरायचा. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. हे बरं तिने पूर्वी एकदा म्हटलं होतं, अगदी असंच, आवाज न चढवता न उतरवता. पण कधी, कशावरून, ते काही केल्या आठवेना. झालं होतं ते इतकं किरकोळ, की कुणाला सांगायला गेलं तर तो हसला असता. ती कधी नव्हे ते त्याच्या खोलीत आली होती. त्याच्या खुर्चीमागे उभी राहून कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रंगीत बटणं बघत होती, आणि तिने विचारलं होतं, "ह्यात माणसाचं नाव घातलं तर सापडतं?" तो खुलला. घरात कुणी आपणहून विचारायची ही पहिलीच वेळ. "सापडतं म्हणजे काय! ‘कोणाकडून’ दाबायचं, नाव लिहायचं, की त्या माणसाने दिलेल्या सगळ्या वड्या हजर." तिने वाकून, एका बोटाने, अक्षरं शोधत शोधत, स्वतःचं नाव लिहिलं. बटण दाबलं. पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली: एकही नोंद सापडली नाही. बरं, म्हणाली. मग स्वयंपाकघरातून ना भांड्याचा आवाज आला, ना नळाचा, आणि तो खुर्चीत तसाच बसून त्या चौकटीकडे बघत राहिला.

वड्या म्हणजे साबणाच्या. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. साबण जमवतो म्हटलं की आधी हसतात आणि मग त्याच्या हातांकडे बघतात. लग्नाआधीपासूनचा नाद. एका हॉटेलच्या बाथरूममधली, बोटभर लांबीची, निळ्या कागदातली वडी त्याने खिशात घातली होती, आणि नंतर त्या नादाच्या मागे तो हात धुऊन लागला होता, असं त्याचा मेहुणा प्रत्येक समारंभात न चुकता सांगायचा आणि स्वतःच हसायचा. आता तिसऱ्या खोलीत, जी खरं म्हणजे लेकीची, भिंतभर ड्रॉवर होते. बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून आणलेले, पितळी कड्यांचे. प्रत्येकात कापूस, कापसावर वड्या, गोल, लंबगोल, शंखाच्या आकाराच्या, कागदातल्या, डब्यातल्या. कोपऱ्यात कॉम्प्युटर, आणि त्यात प्रत्येक वडीची चित्रासकट नोंद. खोलीला एक वास होता. पूर्वी त्यात वेगवेगळे वास ओळखू यायचे, लिंबू वेगळं, चंदन वेगळं, कडक जंतुनाशक वेगळं. मग वर्षानुवर्षं ते एकमेकांत मुरत गेले आणि त्यांचा एकच वास झाला, गोडसर, जड, घशाशी येणारा. त्याला तो येईनासा झाला होता. लेक मात्र शेवटच्या वेळी आली तेव्हा दिवाणखान्यातच झोपली. "बाबा, त्या खोलीत मला बंद डब्यात घातल्यासारखं वाटतं," असं म्हणाली, आणि तो म्हणाला होता, खिडकी उघड की. खिडकीपुढे ड्रॉवर होते.

आज त्याने रजा टाकली होती. आज संध्याकाळच्या गाडीने बायको लेकीकडे जाणार होती. लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी, तिथे दोन खोल्या, आणि "आई, तू इकडेच ये, मोकळी हवा आहे," हे ती वर्षभर फोनवर म्हणत होती. जायचं तिकीट काढलं होतं. यायचं काढलं नव्हतं. त्याबद्दल दोघांपैकी कुणीही चकार शब्द काढला नव्हता. बायको आपणहून बोलत नव्हती, आणि त्याला विचारायची छाती होत नव्हती, कारण विचारलं की उत्तर येतं. कालपर्यंत त्याने मनाची समजूत घातली होती की तिकीट काय, कधीही काढता येतं. कालच्या त्या बरंनंतर ती समजूत टिकेना. पलीकडच्या खोलीत ती बॅग भरत होती. कपाटाचं दार उघडे, मिटे. चेन थोडी सरके, थांबे, परत मागे जाई. त्याला वाटलं, ही बॅग पूर्ण बंद व्हायच्या आत तिचं नाव इथे पडद्यावर आलं पाहिजे. आलं, की तिला हाक मारायची, हे बघ म्हणायचं. मग ती हसेल, तुम्ही आणि तुमची बटणं म्हणेल, आणि परतीचा विषय आपोआप निघेल. आपोआप निघालेल्या विषयांवरच त्याचा संसार चालला होता.

तो एका लिफ्ट कंपनीत तक्रारींच्या टेबलावर होता. कानाला हेडफोन, समोर शहराचा नकाशा, आणि नकाशाखाली कंपनीने छापून दिलेली वाक्यं. घाबरू नका. दार ओढू नका. आमचा माणूस निघालेला आहे. बावीस वर्षं तो ही वाक्यं म्हणत आला होता, अशा शांत आवाजात, की साहेबांनी नव्या मुलींना त्याच्या शेजारी बसवून तो आवाज ऐकवला होता. अडकलेला माणूस आधी चिडतो, मग विनवतो, मग फोन न ठेवता नुसता श्वास घेत राहतो. त्या श्वासाशी बोलायचं काम ह्याचं. माणूस खरोखर निघालेला असे किंवा नसे. पुष्कळदा म्हातारा मेकॅनिक कोपऱ्यात चहा पीत बसलेला असे, आणि कप खाली न ठेवता म्हणे, "साबणवाले, एक सांगू? अडकलेला माणूस एकच बटण पन्नासदा दाबतो. लिफ्ट तीच, बटण तेच, पण त्याला वाटतं एकावन्नाव्यांदा काहीतरी होईल." तेव्हा तो हसला होता. आज सकाळपासून त्याने बायकोचं नाव लिहून ते बटण किती वेळा दाबलं होतं, हे मोजलं नव्हतं ते एक बरं. दर वेळी तीच चौकट. आणि दर वेळी, मूर्खासारखं, पुन्हा एकदा.

चूक सापडली ती जेवणाच्या थोडं आधी. प्रत्येक बटणामागे त्याने चार-चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. कुणी शिकवलं नव्हतं. संध्याकाळी कामावरून आलं की चष्मा कपाळावर, नाक पडद्याला, आणि चुकत चुकत. अमुक रकाना घे, तमुक शब्द टाक, शोध. आणि शेवटच्या ओळीत, सगळ्याच बटणांच्या, त्याने एक पर्याय निवडून ठेवला होता: आधी सापडलेल्यांतच शोध. त्याला ते फार आवडलं होतं. ‘हॉटेल’ दाबलं की पडदाभर वड्या. त्यावर ‘गोल’ दाबलं की निम्म्या गळाल्या. त्यावर ‘हिरवी’, आणि मग उरल्या मोजक्या, ओळखीच्या. जग असं कमी कमी होत जाताना बघणं ही त्याची रोजची चैन होती. पण नवा शोध घ्यायच्या आधी सगळ्या नोंदी परत समोर आणायच्या असतात, ही साधी ओळ तो लिहायलाच विसरला होता. म्हणजे काल बायकोचं नाव शोधलं गेलं ते सगळ्या संग्रहात नाहीच, तर फक्त हिरव्या गोल वड्यांत. आणि आज सकाळपासून तर तो रिकाम्यातच शोधत होता. त्याला हुश्श झालं. हसूच आलं. डोकं बडवून घ्यावंसं वाटलं तेही आनंदाने. मग बोटं कीबोर्डवर असतानाच मनात आलं की आपलंही हे असंच चालतं. बायको म्हटलं की आठवते ती स्वयंपाकघरातली, त्यातही ओट्याशी, त्यातही पाठमोरी. त्याच्या बाहेर ती कुठे कुठे असेल तिथे आपण कधी शोधायलाच जात नाही. हा विचार त्याला आवडला नाही. त्याने घाईघाईने स्क्रिप्टच्या वर एक ओळ घातली, सगळ्या नोंदी दाखव, आणि ती दोनदा तपासली.

"जेवायला येताय ना?" आतून हाक आली.

"आलोच. पाच मिनिटं."

"तुमची पाच मिनिटं मला माहीत आहेत. मी वाढून झाकून ठेवते."

त्याने नाव लिहिलं. बटण दाबलं. एकही नोंद सापडली नाही.

ह्या वेळी चूक स्क्रिप्टची नव्हती. तो रकाना त्याने वरून खाली सरकवत बघितला. मेहुणा. मोठे साहेब. शेजारचे वकील. मेकॅनिक. लेक, कारण लेक दुसऱ्या शहरातून आणायची आणि तिला नोंदीत स्वतःला बघायला आवडायचं. विमानात शेजारी बसलेला एक अनोळखी गृहस्थ, त्याचंसुद्धा नाव नीट विचारून, स्पेलिंगसकट. आणि मध्ये मध्ये मोकळ्या जागा. घरातल्या घरात आलेलं काय लिहायचं, असं त्याने कधीतरी ठरवलं असणार. ठरवलं असंही नाही, तसा हातच पुढे गेला असणार. कुणाच्या लग्नात उतरण्याच्या ठिकाणी मिळालेली वडी तिने रुमालात गुंडाळून आणली होती, हे त्याला आठवलं. पर्समधून काढून टेबलावर ठेवायची, न बोलता, आणि तो न बोलता उचलायचा. मैत्रिणीकडून आल्यावर. मावशीच्या बाराव्याहून आल्यावरसुद्धा एकदा, आणि तेव्हा त्याने वडी उलटीपालटी करून फक्त "हा छाप नव्हता आपल्याकडे" असं म्हटलं होतं. त्याने मोकळ्या रकान्यांसाठी एक नवं बटण बनवलं. पडदा भरून गेला. संग्रहाचा केवढा मोठा भाग हा असा, बिननावाचा. ह्यातल्या तिच्या कुठल्या? काही बाजारातून त्याने स्वतः घेतलेल्या होत्या, काही वडिलांच्या सामानातून निघालेल्या, काही कुठून आल्या देवाला ठाऊक. एकेक चित्र उघडून तो बघत राहिला, आणि एकीवरही छातीठोकपणे बोट ठेवता येईना. पलीकडे बॅगेची चेन आता एका झटक्यात शेवटपर्यंत गेली.

नोंदींच्या त्या डेटाबेसमध्ये एक आज्ञा होती, तिला तो नेहमी टरकून असे. समोर दिसणाऱ्या सगळ्या नोंदींच्या एका रकान्यात एकच मजकूर एका दमात भरायची. वापरण्याआधी ती बजावते की ही क्रिया मागे घेता येणार नाही. चांगला माणूस आधी प्रत काढून ठेवतो. त्याच्याकडे प्रत काढायला वेळ नव्हता, किंवा धीर नव्हता. एकदा प्रत काढली की मागे फिरायची वाट उरते, आणि तो आपल्या स्वभावाला ओळखून होता. बहुतेक तिच्याच असणार की, असं तो मोठ्याने म्हणाला. थोड्या इकडच्या तिकडे. मोजणार कोण? त्याने तिचं नाव लिहिलं आणि हो म्हटलं. पडदा क्षणभर गोठला, आणि मग वरपासून खालपर्यंत, मोकळ्या होत्या त्या सगळ्या जागांत, तिचं नाव उभं राहिलं. त्याला खरंच भरून आलं. खोटं बोलल्यावर भरून येऊ शकतं हे त्याला नवीन होतं.

"अगं, जरा इकडे ये. लगेच."

ती आली. जायच्या साडीत होती, केस बांधलेले, चष्मा हातात. खुर्ची तिला देऊन तो उभा राहिला आणि अडकलेल्यांशी बोलायच्या त्या शांत आवाजात म्हणाला, "काल बटणात चूक होती. स्क्रिप्टची. मी दुरुस्त केली. आता लिही तुझं नाव."

तिने लिहिलं, तसंच, एका बोटाने. वड्यांची रांग उघडली. तिने चष्मा लावला आणि ती एकेक बघत निघाली. पहिल्या एक-दोन चित्रांवर तिच्या ओठांच्या कडा हलल्या. "ही त्या बर्फाच्या गावातली. तुम्ही पायऱ्यांवर आपटला होतात." मग पुढची. "ही मी नाही."

"नाही?"

"ही तुमच्या वडिलांच्या दाढीच्या पेटीतली. ते गेल्यावर तुम्हीच काढून आणलीत. आणि ही, ही तर लग्नाच्या आधीची आहे, तेव्हा मी तुम्हाला ओळखतसुद्धा नव्हते." ती रागावली नव्हती. दुकानात शिळी भाजी बाजूला काढावी तशी बोटाने पुढे सरकवत होती. "ही मी. ही नाही. ही नाही. ही माझ्या बहिणीने दिलेली, तिचं नाव कुठे गेलं? ही मी."

तो तिच्या मागे उभा होता आणि त्याच्या लक्षात येत होतं, की हिला सगळं पाठ आहे. ज्या खोलीत ही कधी बसली नाही तिथली वडीन् वडी. त्याने काही म्हणायच्या आतच ती म्हणाली, "सगळ्यांवर मलाच चिकटवलंत होय?" आणि जरा थांबून, "म्हणजे आता बटण दाबलं की सगळंच येणार. काल काहीच नव्हतं, आज सगळं. सापडले मी कुठेच नाही."

"मी एकेक दुरुस्त करतो. तू सांग, मी लिहितो. वेळ आहे अजून."

"गाडी बोलावून झाली." पण ती उठली नाही. बोट चालतच होतं, आणि एका चित्रावर ते थांबलं. लंबगोल, फिकट पिवळी वडी, एका बाजूचा कागद फाटलेला, फाटक्या जागी वडी झिजून खोलगट झालेली. ती वाचू लागली, हळू, शाळेत धडा वाचतात तसं. "प्रकार, हॉस्पिटल. वेष्टण, फाटलेलं. स्थिती, वापरलेली. शेरा, चांगली मिळाल्यास बदलणे. कोणाकडून..." तिथे तिचं नाव होतं. आजच, थोड्या वेळापूर्वी आलेलं. "ही मी दिली नव्हती," ती म्हणाली.

आणि त्याला आठवलं. वडी आठवली त्याआधी ते बरं आठवलं. पिवळट भिंतींची खोली, खिडकीला जाळी, एकच पलंग. लेकीच्या आधीचं ते, पहिलं. जन्मलं त्याच दिवशी गेलं. तिला ते दाखवलं होतं की नाही हेही त्याला पक्कं माहीत नव्हतं, कारण तो व्हरांड्यात बाकावर बसून कागदांवर सह्या करत होता. आदल्या रात्री ती कळांनी घामाघूम झाली होती, तेव्हा तो तिला म्हणत होता, घाबरू नकोस, डॉक्टर निघालेत. ते निघालेले नव्हते. सकाळी आत जाऊन त्याने सांगितलं, आपलं बाळ राहिलं नाही. ती बरं म्हणाली. मग भिंतीला धरून उठली, कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, वडीचा कागद नखाने फाडला आणि हात धुऊ लागली. खूप वेळ धुतले. त्याने नळ बंद केला. निघताना सामान गोळा करायचं त्याच्याकडे आलं. थर्मास, चादर, चपला. बेसिनवरची वडी त्याने पुसली, उरलेल्या कागदात गुंडाळली आणि खिशात घातली. तेव्हा त्याच्या मनात काय होतं? काही नव्हतं, शपथेवर काही नव्हतं. हा छाप आपल्याकडे नाही, एवढं होतं.

"मी बेसिनवर ठेवली होती," ती म्हणाली. "तुम्ही उचललीत. घरी आल्यावर ड्रॉवरमध्ये बघितली मी, कापसावर. वाटलं, ह्यांनी बाळाची म्हणून ठेवली असेल. इतकी वर्षं मला तेच वाटत होतं." तिने पडद्यावरचा शेरा परत वाचला, मनातल्या मनात, ओठ हलवून.

त्याला पुष्कळ सांगायचं होतं. जिभेवर आली ती छापील वाक्यंच.

ती उठली. न शोधता, खालून तिसरा ड्रॉवर ओढला, कापसावरून ती वडी उचलली आणि बाहेर गेली. बाथरूमचा दिवा लागल्याचा खटका झाला. नळ सुरू झाला. क्षण, दोन क्षण नुसतं पाणी. आणि मग वास आला. ज्या माणसाला वर्षानुवर्षं कुठला वास दुसऱ्यापासून वेगळा येत नव्हता, त्याला तो आला, खोलीतला तो जुना जड वास फाडून, कडवट, औषधी, थंड. आणि त्यामागोमाग सगळं, जाळी, थर्मास, तिचे मनगटांपर्यंत ओले हात, व्हरांड्यात कुणाच्या तरी बाळाचं रडणं जे आपलं नव्हतं. ह्या वासाला कुठला रकाना नव्हता. तो ड्रॉवरांच्या मधोमधच उभा राहिला.

ती पदराला हात पुसत परत दारात आली. डोळे कोरडे होते. "बेसिनवर ठेवलीय," म्हणाली. "आता उचलू नका."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. बॅग त्यानेच लिफ्टपर्यंत नेली; जड नव्हती, आणि ती जड नाही ह्याचं बरं मानायचं की वाईट, हे त्याला ठरवता येईना. लिफ्ट आली. त्याने सवयीने आतली कंपनीची पट्टी बघितली, तक्रारीचा नंबर, त्याच्याच टेबलाचा. ती आत जाऊन उभी राहिली. तेव्हा कुठे त्याच्या तोंडून निघालं, "कधी येशील?"

"बघू," ती म्हणाली. "जेवण झाकलंय. गरम करून घ्या." दार सरकलं. काचेतून तिचा चष्मा, मग केस, मग नुसती वायर.

घरात आल्यावर तो आधी तिसऱ्या खोलीत गेला. पडदा तसाच चालू होता, तिचं नाव ओळीने. त्याने एक नोंद पुसायला घेतली आणि ही तिची होती की नव्हती, तेच त्याला आठवेना. ती सांगत होती तेव्हा लिहून घ्यायला हवं होतं. त्याने हात मागे घेतला. बोटांना त्या ड्रॉवरांचा गोडसर चिकटपणा होता, तो आता पहिल्यांदा जाणवला, आणि कधी एकदा हात धुऊन टाकतो असं झालं.

बेसिनच्या कडेला वडी होती. ओली, फेसाची, मध्यभागी तिच्या अंगठ्याचा खळगा. त्याने नळ सोडला. हात पुढे केला, आणि तो तिथेच थांबला. उचलल्याशिवाय हात धुता येत नव्हते. पाणी वाहत राहिलं, आणि त्याखाली नुसते हात धरून तो उभा राहिला.